वेडबाईंचा राहून गेलेला डाव

मैत्रिणींनो, आडनाव वाचून हसू नका. या बाईंचं आडनाव खरोखरच वेड. मार्गारेट वेड. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात त्या मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण तिकडे मुलींच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की हे नाव निघतंच. त्यांच्या एका विद्यार्थिनीवरचा छोटा माहितीपट मी पाहिला आणि त्या मुलीपेक्षा तिच्या वयस्कर बाईच माझ्या डोक्यात जास्त दिवस राहिल्या. मग मिळेल ते वाचत गेले.

मार्गारेट यांचा जन्म ३० डिसेंबर १९१२ चा, मॅकूल नावाच्या लहानशा गावातला. पुढे शिकायला त्या क्लीव्हलंडला आल्या. हे ओहायोतलं मोठं शहर नव्हे बरं का. मिसिसिपीतही एक क्लीव्हलंड आहे, कापूस पिकवणाऱ्या सपाट मुलखातलं छोटं गाव. तिथे १९२५ मध्ये शिक्षक घडवणारं एक कॉलेज सुरू झालं होतं, डेल्टा स्टेट. आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजसारखं समजा. मार्गारेट तिथल्या मुलींच्या संघात तीन वर्षं खेळल्या, कप्तानही झाल्या.

आणि १९३२ साली, त्या १९ वर्षांच्या असताना, कॉलेजनं मुलींचा संघच बंद करून टाकला. कारण काय, तर हा खेळ मुलींना फार दमवणारा आहे, नाजूक जिवाला तो झेपायचा नाही. शेवटचं वर्ष खेळायचं राहून गेलं. मुली रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी आपले खेळाचे गणवेश एकत्र करून जाळून टाकले.

हा प्रकार एकट्या त्या कॉलेजातला नव्हता. त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच शिक्षणतज्ज्ञांचं, त्यातही कितीतरी बायकांचंच, म्हणणं होतं की मुलींनी गंमत म्हणून खेळावं, जिंकण्या-हरण्याच्या नादाला लागू नये. बहुतेक ठिकाणी मुलींसाठी नियमसुद्धा वेगळे. मैदानाचे रेघ मारून भाग पाडायचे आणि आपल्या भागाची रेघ ओलांडायची नाही! आता यावर आपण हसतो. पण बचत गटाच्या बैठकांना गावोगाव जाते तेव्हा मला काय ऐकू येतं? खो-खोत तालुक्याला पहिली आलेली पोर नववीत गेली की मैदान सुटतं. उन्हात काळवंडते, पायबिय मोडला तर उद्या कोण करून घेणार. काळजीच असते हो ती, आईच्या पोटातून आलेली. डेल्टा स्टेटवाल्यांनाही काळजीच वाटत होती.

मार्गारेट यांनी पदवी घेतली आणि टुपेलो गावाच्या संघात जाऊन दोन वर्षं खेळल्या. मग गुडघा गेला. खेळणं तिथेच संपलं. विशी नुकतीच उलटली होती. आधी कॉलेजनं खेळ काढून घेतला, मग शरीरानं. इथे एखादीनं कपाळाला हात लावला असता तर तिला कुणी नावं ठेवली नसती.

त्या शाळेत शिकवायला लागल्या. गंमत बघा, कॉलेजातल्या मुलींना न झेपणारा खेळ मिसिसिपीच्या खेड्यापाड्यातल्या शाळांमध्ये मात्र जोरात चालू होता. क्लीव्हलंडच्या हायस्कूलमध्ये त्यांनी १९ वर्षं मुलींचा संघ घडवला. त्यांच्या हाताखाली हा संघ ४५३ सामने जिंकला, ८९ हरला आणि ६ बरोबरीत सुटले. म्हणजे दर सहा सामन्यांतले जवळजवळ पाच खिशात. पण या मुली शाळा संपवून गावातल्याच कॉलेजात गेल्या, की त्यांना खेळायला संघच नसायचा.

१९५९ मध्ये वेडबाई पुन्हा डेल्टा स्टेटमध्ये आल्या, मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून. त्यांच्या आयुष्यातला हाच भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. पुढची १४ वर्षं त्या अशा कॉलेजात खेळाचा विभाग सांभाळत होत्या, जिथे त्यांचा आवडता खेळ मुलींसाठी बंद होता. मोठं यश मिळालं की लोक त्याचे फोटो काढतात. या १४ वर्षांचा फोटो कोण काढणार? रोजचा तास घ्यायचा, हजेरी मांडायची, घरी जायचं. आपल्यापैकी कितीजणींची वर्षं अशीच गेली आहेत, ते मी वेगळं सांगायला नको.

मग १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. मुलींच्या संघांसाठी दारं किलकिली व्हायला लागली. डेल्टा स्टेटनं १९७३ मध्ये मुलींचा बास्केटबॉल पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि वेडबाईंना विचारलं. संघ बंद झाला त्याला ४१ वर्षं झाली होती. बाईंचं वय ६०. आपल्याकडे अठ्ठावन्नला हातात नारळ देऊन मोकळे होतात! शिवाय खेळही बदलला होता. आता पाच जणींचा संघ, पूर्ण मैदान, रेघबिघ काही नाही. त्यांनी होकार दिला.

पहिल्याच वर्षी १६ सामने जिंकले, दोन हरले. दुसऱ्या वर्षी एकही हरल्या नाहीत. २८ पैकी २८. १९७५ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलेटा कॉलेज होतं, लागोपाठ तीन वर्षं विजेतं. या कॅथलिक कॉलेजच्या सिस्टर प्रेक्षकांत बसून बादल्या बडवायच्या म्हणे! त्यांना डेल्टा स्टेटनं ९० विरुद्ध ८१ नं हरवलं. १९७६ ला पुन्हा त्यांनाच, आणि १९७७ ला लुइझियाना स्टेटला. सलग तीन विजेतेपदं, आणि मधे एकदा तर लागोपाठ ५१ विजय. संघाचं नाव होतं 'लेडी स्टेट्समेन'. बायकांच्या संघाच्या नावातसुद्धा पुरुष शिल्लक राहिलेच.

या संघाचा कणा होती लुसिया हॅरिस. मी माहितीपट पाहिला तो तिच्यावरचाच, 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल'. त्याला २०२२ मध्ये ऑस्कर मिळालं, पण लुसिया तेव्हा नव्हती, दोनच महिन्यांपूर्वी गेली होती. मिंटर सिटी नावाच्या खेड्यातली, दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातली मुलगी. ११ भावंडांतली दहावी, उंची सहा फूट तीन इंच. ज्या कॉलेजात १९६० च्या दशकात बराच काळ काळ्या मुलांना प्रवेशच नव्हता, तिथल्या संघात ती एकटीच कृष्णवर्णीय. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं आणि त्यातली पहिली बास्केट लुसियानं टाकली.

तिचा खेळ पाहताना मला राहून राहून एकच वाटत होतं. १९७३ ला बाई नाही म्हणाल्या असत्या, गुडघ्याचं किंवा वयाचं कारण सांगितलं असतं, तर या पोरीचं काय झालं असतं? कदाचित दुसरं कुणी शिकवलं असतं. कदाचित नसतंही.

डेल्टा स्टेटच्या सहा वर्षांत १५७ विजय आणि २३ पराभव अशी नोंद करून वेडबाई १९७९ मध्ये निवृत्त झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७८ पासून, अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम महिला बास्केटबॉलपटूला त्यांच्या नावानं 'वेड ट्रॉफी' द्यायला सुरुवात झाली होती. १९८५ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदाच बायकांना घेतलं गेलं. त्या पहिल्या तिघींत एक वेडबाई होत्या. १९९५ मध्ये त्या गेल्या. वेड ट्रॉफी अजूनही दिली जाते, दरवर्षी, एखाद्या कॉलेजात खेळायला मिळालेल्या मुलीला.