उसनी चाल आणि घरचा सूर

नगर-मनमाड रस्ता कोल्हारपाशी प्रवरा ओलांडतो. भगवतीच्या देवळामुळे हे गाव प्रसिद्ध आहे. याच नदीच्या काठी, खाली नेवाशास, ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठी ओवीत सांगितला. देवाशी बोलावयाचे तर ते आपल्या भाषेत, हा हक्क या मुलखाला त्या दिवशी मिळाला असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्यानंतर सहा शतकांनी याच परिसरात तो हक्क पुन्हा एकदा मिळवावा लागला, आणि तोही एका वेगळ्या धर्माच्या उपासनेसाठी. तो मिळवून देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक कोल्हारहून नगरच्या वाटेवर लागणाऱ्या राहुरीत काही वर्षे राहिले होते. त्यांच्या आयुष्याची मोठी कामगिरी नगरच्याच भूमीवर झाली. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले आणि त्यांच्या भजनांकडे पाठ फिरवली.

त्या भजनांचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. पुढे खेड्याखेड्यांतून जे ख्रिस्ती झाले, ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले. गावच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. नव्या मंदिरात तो मिळाला, पण तेथले गाणे परके होते. हेन्री बॅलंटाइनसारख्या मिशनऱ्यांनी परिश्रमपूर्वक मराठी गीते तयार केली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण होती ती भाषेच्या प्रकृतीची. इंग्रजी गीत शब्दातील आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा मात्रांवर. पाश्चात्य चालीत मराठी शब्द बसवू जाता ऱ्हस्वाचे दीर्घ होते, शब्द नको तेथे तुटतो आणि अर्थ विरून जातो. शिवाय असे गीत म्हणावयास हाती पुस्तक लागते, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याने पुस्तक घेऊन करावे काय? भजनाची रीत निराळी. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात, धृपद पुन्हा पुन्हा येते. दोन-चार वेळा ऐकले की ते अंगवळणी पडते. मग शेताच्या बांधावर, जात्यापाशी किंवा आजाऱ्याच्या उशाशी त्याच्या सोबतीस पाद्री लागत नाही आणि पेटीही लागत नाही. उपासना रविवारपुरती राहते की सोमवारी घरी येते, याचा निकाल पुष्कळदा येथेच लागतो.

कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची पदे रचून आणि ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घालून ही वाट आधीच दाखवली होती. टिळकांनी तिचा राजरस्ता केला.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील कडक स्वभावाचे होते. आईवर मात्र मुलाचा विलक्षण जीव होता. शिक्षण कल्याणास व नाशकास झाले आणि संस्कृतचा व्यासंग जडला. पुढे नागपूरला ग्रंथांचे काम, मग राजनांदगाव. तिकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्या विरहाची आणि पुनर्मीलनाची कथा ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, ती ज्यांनी वाचली नाही त्यांनी हा लेख बाजूस ठेवून ती आधी वाचावी.

चित्पावन घरातला, संस्कृतात मुरलेला हा कवी धर्मांतरानंतर जुन्याशी नाते तोडून इंग्रजी वळणाचा झाला असता तर कोणास नवल वाटले नसते. घडले ते उलट. ख्रिस्तापर्यंत पोचविणारा पूल म्हणून ते तुकारामांकडे पाहत आणि उपासनेसाठी त्यांनी अभंगच उचलला. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली नगरातच निघालेले पत्र. त्याच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आले आणि त्यातून त्यांचे अभंग वाचकांच्या घरी जाऊ लागले. टाळ, एकतारी, मृदंग ही हिंदूंची वाद्ये असून ख्रिस्ती उपासनेस चालणार नाहीत, असे मानणाऱ्यांना त्यांनी वादाने नव्हे, गाण्याने उत्तर दिले. त्यांची सगळीच भजने सारख्या तोलाची नाहीत. काहींत उपदेशक कवीवर मात करतो, काहींतली संस्कृतप्रचुर पदरचना खेड्यातल्या माणसाला जड गेली असेल. परंतु मराठी चर्चच्या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो गाण्याने टिकला आहे.

साहित्याशीही त्यांनी फारकत घेतली नाही. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात ते पुढाकाराने वावरले. तेथे चमकलेले बालकवी पुढे नगरला त्यांच्याच घरी राहिले. धर्म बदलला म्हणजे माणूस मराठी राहत नाही, हा समज खोडून काढण्यास एवढे घर पुरेसे होते.

उसन्या चालीबरोबर उसन्या पैशाचाही प्रश्न होता. मिशनने शाळा काढल्या, छापखाने चालविले, १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांना आसरा दिला. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण ज्या मंडळीचा पाळक परदेशातून येणाऱ्या निधीवर वेतन घेतो, तिला स्वतःचा निर्णय घेण्याची सवय सहसा लागत नाही. परकी मदत आरंभी भांडवल असते, पुढे तीच व्यसन बनते. स्वातंत्र्यानंतर आपल्या नियोजनकारांनाही हा धडा गिरवावा लागला. टिळकांना तो फार आधी उमगला होता आणि त्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्याचे दार उघडे होते. संस्थेपेक्षा ख्रिस्तावरील भक्ती हेच त्या मंडळीचे बंधन असावे, अशी त्यांची कल्पना होती. संसारी माणसाने उतारवयात नियमित वेतन सोडणे म्हणजे काय, हे महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावणाऱ्यास समजावून सांगावयास नको. दरबाराला मात्र आयुष्य फार थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले आणि त्यांच्यामागे तो जोमाने चालविणारा कोणी उरला नाही.

एक काम अर्धे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय होऊन ते थांबले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीच्या धर्मांतराने एके काळी उन्मळून पडलेल्या या बाईंनी १९३६ साली डोळे मिटण्यापूर्वी ते काम तडीस नेले, आणि त्यासाठी त्यांनी वापरली ती लहानपणापासून कानी पडलेली ओवीच.