ओसामु तेझुका

जपानी चलच्चित्रांची ओळख करून घेऊं इच्छिणाऱ्या आमच्या बालवाचकांनीं या पुरुषापासून आरंभ करावा, असें आम्हांस वाटतें. तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजीं ओसाकानजीक टोयोनाका येथें झाला. किड्यांचा त्यांस इतका नाद, कीं एका भुंगेऱ्याच्या नांवावरून त्यांनीं स्वतःच्या नांवास ‘कीटक’ अर्थाचें अक्षर जोडलें! ते वैद्यकी शिकले, पण हातचा कुंचला सुटला नाहीं.

१ जानेवारी १९६३ पासून त्यांचा यंत्रबालक आतोमु दर आठवड्यास अर्धा तास दूरचित्रवाणीवर दिसूं लागला. इतकीं चित्रें काढणार कोण? चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ हलवावे, जुनीं चित्रें पुनः वापरावीं, अशी त्यांनीं युक्ति योजिली. मालिका मात्र खर्चाहून कमी दरानें विकली. चित्रकारांच्या तुटपुंज्या वेतनाचा दोष पुढें पुष्कळांनीं त्यांस दिला. आम्हांसही तो सर्वस्वी खोटा वाटत नाहीं. १९७३ सालीं त्यांच्या संस्थेचें दिवाळें निघालें.

१९६३ सालींच अमेरिकेंत आतोमु इंग्रजी बोलूं लागला, ‘अॅस्ट्रो बॉय’ झाला. मूळ आवाज मारी शिमिझु या बाईंचा. लहानांनीं प्रथम अशा परभाषी आवाजांतच पाहावें; अक्षरें वाचतांना चित्र निसटतें. वाचनास वेग आला, कीं मूळ आवाज ऐकावा व खालचीं अक्षरें वाचावीं. आतोमुचा खरा स्वर तेव्हांच कानीं पडेल.

भगवान् बुद्धांचें चरित्रही त्यांनीं चित्रकथेंत रंगविलें. ९ फेब्रुवारी १९८९ रोजीं पोटाच्या कर्करोगानें ते वारले, तेव्हां ‘निओ फाउस्ट’ ही त्यांची चित्रकथा अपुरीच होती.