मोराचा पिसारा आणि चार्ल्स डार्विन

2017 साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांना सांगून टाकले, की मोर ब्रह्मचारी असतो आणि त्याचे अश्रू पिऊन लांडोरीला पिल्ले होतात. देश दोन दिवस हसला. आम्हांला मात्र आठवला तो मोराच्या पिसाऱ्यापायी वर्षानुवर्षे डोके शिणवणारा चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडात श्रूजबरी येथे, सुखवस्तू घरात झाला. एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला गेला आणि ती अर्धवट सोडली. पण तिथेच जॉन एडमन्स्टन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुरूकडून तो मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्याची विद्या शिकला. या गुरूला बहुतेक चरित्रकार एका ओळीत उरकतात! पुढे 1831 ते 1836 बीगल जहाजावरचा प्रवास. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून त्याचे कप्तान फिट्झरॉयशी कडाक्याचे भांडण झाले.

1859 च्या ग्रंथात त्याने नैसर्गिक निवड मांडली. जे जगायला उपयोगी ते टिकते. मग मोराचा पिसारा कसा टिकला? तो तर ओझे. 1860 मध्ये अमेरिकेतील मित्र एसा ग्रे याला पत्रातून त्याने कळवले, की मोराचे पीस दिसले तरी मळमळते. त्याचे सविस्तर उत्तर 1871 साली 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात आले. निवड लांडोरही करते. ती पाहते, पारखते, नाकारते. तिला पसंत पडलेल्या मोराचाच वंश चालतो आणि पिढ्यान्‌पिढ्या पिसारा फुलत जातो.

इंग्लंडातल्या पंडितांना हे पचले नाही. मादी काय निवडणार? मायव्हर्टने मादीच्या चंचलपणावर बोट ठेवले. नैसर्गिक निवडीचा सहसंशोधक वॉलेसही इथे डार्विनची साथ सोडून गेला. शंभर वर्षे हा विचार जवळपास अडगळीत पडला. 1982 साली माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केनियातील विडोबर्ड पक्ष्यांच्या काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ती पिसे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांच्या लांबवल्या. माद्यांनी सर्वांत जास्त घरटी केली ती लांबवलेल्या शेपटीच्या नरांच्या हद्दीत.

आम्ही कोणाला देव करीत नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे. लांडोरीला पारख बहाल करणाऱ्या याच ग्रंथात डार्विनने स्त्रीची बुद्धी पुरुषाच्या खाली ठेवली. लांडोरीला दिले ते घरातल्या बाईला नाकारले.

आणि त्याची स्वतःची निवड? 1839 साली त्याने मामेबहीण एमा वेजवुडशी लग्न केले. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडेही नवी नाही. दहा मुले झाली, तीन लहानपणीच गेली. त्यांतली अ‍ॅनी 1851 मध्ये दहाव्या वर्षी गेली तेव्हा तो कोसळला. आपल्या नात्यातल्या लग्नाने तर मुले दुबळी होत नाहीत ना, ही शंका त्याला पोखरू लागली. अकरा वर्षे त्याने झाडांवर प्रयोग केले. एका फुलवेलीच्या दहा पिढ्यांत, परक्या परागाने झालेली रोपे 100 धरली तर स्वपरागाची सरासरी 77 उंचीचीच भरली. जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नाचा प्रश्न विचारावा अशी खटपटही त्याने 1870 मध्ये केली. पार्लमेंटने ती फेटाळली. मुलगा जॉर्ज याने 1875 मध्ये आकडे जमवले, तर माणसांतील अपाय वाटला त्याहून थोडा निघाला.

कोणी यावरून लगेच जातीबाहेरच्या लग्नाचे समर्थन करू पाहील. त्याची गरज नाही. जात बंदिस्त विवाहावर उभी आहे हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवले, ते समाजशास्त्राच्या बळावर. वेलीच्या उंचीवर नव्हे.

18 एप्रिल 1882 रोजी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत बैरुतच्या रस्त्यावरील कुत्र्यांविषयी एक लेख वाचला गेला. त्याला डार्विनची छोटी प्रस्तावना होती. सारे आक्षेप तपासूनही लैंगिक निवडीच्या मतावर आपण ठाम आहोत, असे त्याने तीत लिहिले होते. दुसऱ्या दिवशी डाउन येथील घरी तो वारला.