खुब्याच्या सांध्याचे शिल्पकार : सर जॉन चार्नले

हैदराबादेतील रुग्णालयांत खुब्याचा सांधा बदलणे आज नित्याचे झाले आहे. या शस्त्रक्रियेला भरवशाचे रूप दिले ते इंग्लंडचे सर जॉन चार्नले यांनी. 1911 साली लँकाशायरमधील बेरी येथे, एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मँचेस्टरला वैद्यकीचे शिक्षण झाल्यावर पुढे राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग इस्पितळात त्यांनी आपले कार्य उभारले.

प्रारंभी ते सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवीत. सुमारे 300 रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. परंतु काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्यांची भुकटी आसपासच्या मांसाला बाधू लागली. ही बाधा पारखण्यासाठी चार्नले यांनी ते द्रव्य स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले, आणि बिघडलेले सांधे पुन्हा उघडण्याचे अप्रिय काम स्वतःकडे ठेवले. असे प्रायश्चित्त विरळाच!

1962 साली एका विक्रेत्याने नव्या पॉलिथिलीनचा नमुना आणला. चार्नले यांनी त्यावर नख रोवून पाहिले व तो नापसंत केला. साहेब परदेशी असताना यंत्रशाळेतील सहायक हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. झीज अत्यल्प निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या द्रव्याची वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली.

1977 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1982 साली ते निवर्तले.