पंडिता रमाबाई : चार हजार मैलांची पायवाट

हैदराबादच्या काचीगुडा स्थानकाजवळचा बरकतपुरा हा भाग तेथील मराठी माणसांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तेथून नैऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर, कृष्णा आणि तुंगभद्रा या नद्यांच्या दुआबात रायचूर वसले आहे. १८७४ साली हे गाव निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षी तेथे एका परक्या मराठी कुटुंबातील आईने उपासमारीने आणि आजाराने प्राण सोडला. तिच्या तिरडीला खांदा द्यायला कोणी पुढे येईना. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदेकरी तिचा मुलगा झाला आणि चौथी तिची सोळा वर्षांची मुलगी. मुलगी ठेंगणी असल्याने तिचा खांदा इतरांच्या खांद्याच्या उंचीला पोहोचेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. तेथपर्यंत ती उपाशी पोटी चालत गेली. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून देशविदेशांत विख्यात झाली.

रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि शारदा सदनावरून पुण्यात उठलेले वादळ यांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची पहिली वीस वर्षे मुख्यतः चालण्यात गेली, या गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. आज स्त्रिया सह्याद्रीतील डोंगरवाटांवर पन्नास-पन्नास किलोमीटर धावतात, दर वर्षी हैदराबादेत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये मोठ्या संख्येने उतरतात. अशा काळात स्त्रीच्या चिवटपणाचा विचार करताना या विदुषीच्या पायांची कहाणीही सांगितली पाहिजे.

गोव्याच्या सत्तरी-सांगे भागातून दक्षिणेकडे गेलेली सह्याद्रीची रांग कर्नाटकात कुद्रेमुखापाशी पोहोचते. तेथील दाट अरण्यात गंगामूळ हे स्थान आहे. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथेच उगम पावतात. अनंतशास्त्री डोंगरे यांनी तेथे आपला आश्रम थाटला होता. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्याचा त्यांचा निश्चय समाजाला रुचला नाही, म्हणून त्यांनी वस्ती सोडून अरण्य जवळ केले. २३ एप्रिल १८५८ रोजी तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूंचा व विद्यार्थ्यांचा खर्च सोसता सोसता शास्त्रीबोवांचे द्रव्य संपले. तेव्हा कुटुंबाने तीर्थयात्रेचा मार्ग धरला. रमाबाई त्या वेळी जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगरावरून खाली आणण्यात आले. त्यांचा पहिला प्रवास असा दुसऱ्याच्या डोक्यावरून झाला. पुढचा मात्र बहुतांशी त्यांच्या स्वतःच्या पायांनी झाला.

अनंतशास्त्री देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगत. श्रोते धान्य, वस्त्र, दक्षिणा देत आणि त्यावर कुटुंबाचा निर्वाह चाले. एका क्षेत्री काही दिवस वा काही महिने मुक्काम होई, मग पुढची वाट धरली जाई. वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंच्या शिक्षणाचे काम आईने अंगावर घेतले. पहाटे, घरकाम सुरू होण्यापूर्वी, ती मुलीला श्लोक पाठ करवी. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना बाराव्या वर्षापर्यंत मुखोद्गत झाले, ते अशा फिरत्या शाळेत. त्या काळात सुस्थितीतील घरांतील मुलीचे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी लग्न होई आणि उंबरठा हीच तिची सीमा ठरे. अविवाहित रमाबाई मात्र उन्हापावसात मैलोगणती चालत होत्या. शरीराला चालण्याची आणि बुद्धीला पाठांतराची अशा दोन्ही सवयी एकाच वेळी जडत गेल्या.

या सवयीची परीक्षा पाहणारा काळ मद्रास इलाख्यातील दुष्काळाबरोबर आला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी धान्य नव्हते, तेथे पुराणिकाला कोण देणार? हाताशी असलेले किडूकमिडूक विकले गेले, व्रते आणि दानधर्म यांत उरलेसुरले संपले. तांदळाचा शेवटचा दाणाही संपल्यावर हे कुटुंब मरण पत्करण्याच्या विचाराने अरण्यात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याची तयारी त्याने दाखविली. कुटुंब अरण्यातून बाहेर पडले, पण उशीर झाला होता. काही दिवसांतच वडील गेले आणि थोड्याच आठवड्यांनी रायचूरला आई गेली. पुढे काही महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. रमाबाई वाचल्या म्हणून त्या अधिक कणखर, आणि आईवडील व बहीण गेली म्हणून ती दुर्बळ, असा हिशेब करता येत नाही. त्याच वाटा सर्वांनी तुडविल्या होत्या आणि तीच उपासमार सर्वांनी सोसली होती. जगण्या-मरण्यात दैवाचा, वयाचा आणि मूठभर अन्नाचा वाटा फार मोठा असतो. स्वेच्छेने धावणारी स्त्री थकल्यावर थांबू शकते, तिला वाटेत पाणी मिळते आणि शेवटी घर असते. रमाबाईंना यांतले काहीच नव्हते.

त्यानंतर सोळा-सतरा वर्षांची बहीण आणि तिचा भाऊ अशी दोघेच उरली. दक्षिणेतून निघून ती पंजाब, काश्मीरपर्यंत गेली आणि तेथून पूर्वेकडे वळून १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. कित्येकदा भिजविलेले धान्य मीठ घालून खावे लागे. झेलम नदीच्या काठी एका रात्री थंडी असह्य झाली, तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, आणि केवळ डोके बाहेर ठेवून रात्र काढली. त्यांच्या आत्मकथनावरून ही सारी पायपीट चार हजार मैलांहून अधिक भरते. आजच्या मापाने हे अंतर सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणजे दीडशेहून अधिक मॅरेथॉनइतके होते.

दीर्घ अंतर हे स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही, हा समज जगभर दीर्घकाळ टिकून होता. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही धावपटू दमून खाली बसल्या, त्याचे वृत्तपत्रांनी अतिरंजित वर्णन केले आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून वगळली गेली. स्त्रियांच्या मॅरेथॉनला ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळाले ते १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. आता शरीरशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की दीर्घ श्रमात स्त्रियांचे शरीर इंधन म्हणून चरबीचा तुलनेने अधिक उपयोग करते आणि लांब शर्यतीत स्त्रिया आपली गती पुरुषांपेक्षा अधिक समतोल राखतात. अॅमस्टरडॅमच्या त्या निर्णयाच्या अर्धशतक आधी एक मराठी मुलगी अर्धपोटी देश पालथा घालून कलकत्त्यास पोहोचली होती, याची दखल त्या वादात कोणी घेतलीच नाही.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये ढाक्यास श्रीनिवासचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचे निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची व स्त्रीवैद्यांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण श्रवणदोषामुळे ती अपुरी राहिली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे व्याख्याने देत दोन वर्षांहून अधिक काळ फिरल्या. मायदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा चाळिशीला पोहोचत होत्या. अनाथ मुलींना दुष्काळी केंद्रांभोवती काय सोसावे लागते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्या स्वतः त्या भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे, सदनासाठी घेतलेल्या जमिनीवर ठेवावे लागले. त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या आणखी कितीतरी वाढली.

केडगावला रमाबाईंनी काय शिकविले, हे त्यांच्या पायपिटीच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या कुटुंबाला पोट भरण्याचे एकही हातकौशल्य येत नव्हते आणि मजुरी करणे त्यांना कमीपणाचे वाटले होते. ही चूक किती महाग पडली, हे रमाबाईंनी पुढे आपल्या लेखनात निःसंकोचपणे नोंदविले. केडगावच्या मुली अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखान्याचे काम शिकल्या. केवळ सहनशक्ती माणसाला वाचवीत नाही, त्याला अन्न, निवारा आणि हाताला काम लागते, हे त्या दुष्काळात शिकल्या होत्या. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यास मनोरमाबाईंनी मुलींची शाळा चालविली, तीही याच विचाराने. ज्या राज्यात आजीची तिरडी उचलायला चार माणसे मिळाली नव्हती, त्याच राज्यात नातीने शाळा उभी केली.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. हे अनेक वर्षांचे काम होते. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले, तरी त्यांनी ते सोडले नाही. भाषांतर पूर्ण झाल्यावर थोड्याच काळाने, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावी त्यांची जीवनयात्रा संपली. त्या वेळी त्या चौसष्ट वर्षांच्या होण्याच्या बेतात होत्या.

आपल्या मुली आज डोंगरवाटांवर हौसेने धावतात, ही आनंदाची गोष्ट आहे. रमाबाईंनी त्या वाटा हौसेने धरल्या नव्हत्या. एकाही मुलीला आपल्यासारखे उपाशी पोटी चालावे लागू नये, यासाठी त्या पुढली पंचवीस वर्षे केडगावी झिजल्या.