गोलंदाज बाळू पालवणकर

ज्येष्ठ-आषाढांत घोटीस पावसाची झड लागते, खांचरांत भाताची लावणी सुरू होते, आणि मुलांचे बॅट-चेंडू माळ्यावर जातात. इंग्लंडांत क्रिकेटचा हंगाम मात्र नेमका याच महिन्यांत असतो. १९११ सालच्या अशाच एका हंगामांत हिंदुस्थानांतील सर्व जातींच्या खेळाडूंचा पहिला संघ विलायतेस गेला होता. तो संघ पुष्कळ वेळां हरला. तरी त्यांतील एका गोलंदाजाचें नांव दोन्ही देशांत गाजलें. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें म्हणून येथें थोडक्यांत देत आहों.

बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवणचें. वडिलांची नोकरी सैन्याकडील, त्यामुळें बिऱ्हाड पुण्यास आलें. तेथें गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हा खेळ शिकले. पुढें पारशांच्या क्लबांत मैदान झाडण्याचें व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचें काम दरमहा ३ रुपयांवर मिळालें. नंतर गोऱ्या लोकांच्या पूना क्लबांत ४ रुपये मिळूं लागले. जाळीं बांधावीं, टेनिसच्या रेघा आंखाव्या, आणि साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकावे, हा रोजचा क्रम.

जे. जी. ग्रेग हे लष्करी अधिकारी त्या काळचे नामांकित फलंदाज होते. इतर मंडळी येण्याच्या आधीं येऊन ते बाळू यांच्या डाव्या हाताच्या संथ चेंडूंवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळीं ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, या मेहनतीनें बाळू यांचा हात तयार झाला यांत शंका नाहीं. बॅट मात्र त्या क्लबांत त्यांच्या हातीं कोणीं दिली नाहीं. नोकरानें चेंडू टाकावा, फलंदाजी साहेबानें करावी, असा तो रिवाज होता.

पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्यांना हरवावयाचें होतें; त्यासाठीं असा गोलंदाज हवा होता. पुष्कळ वादावादीनंतर बाळू यांस संघांत घेतलें. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. परंतु चहाच्या वेळीं इतर खेळाडू आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळू यांस बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणाचें ताट वेगळें, बसण्याची जागा वेगळी. विजय मात्र सर्वांचा! साताऱ्यास युरोपियन जिमखान्याविरुद्ध त्यांनीं ७ गडी बाद करून सामना जिंकून दिला. न्यायमूर्ति रानडे यांनीं तेव्हां आपल्या लोकांस स्पष्ट सांगितलें कीं, ज्याच्याबरोबर आपण खेळतों त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत घेणें योग्य नव्हे.

पुढें प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस गेले. तेथें रेल्वेची नोकरी मिळाली, व हिंदु जिमखान्यांत प्रवेशहि मिळाला. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला, त्यांत या भावांचा वांटा मोठा होता. मुंबईच्या जिमखान्यांत ते दोघे इतरांबरोबर बसून जेवूं लागले. पुण्याच्या मानानें हा फरक लहान नव्हता.

आतां १९११ चा तो हंगाम. संघांत पारशी, हिंदु, मुसलमान व शीख असे सर्व होते. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघें एकोणीस. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचें तें वर्ष. महाराजांचा वेळ खेळापेक्षां मेजवान्यांत अधिक गेला. संघाचे उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांचे चिटणीस, म्हणून तेहि बहुधा त्यांच्याबरोबरच असत. कर्णधारच असा, तेथें संघाचें काय होणार? ओल्या, अनोळखी खेळपट्ट्यांवर एकामागून एक सामने हातचे गेले.

या पडझडींत बाळू यांनीं एकट्यानें बाजू सांवरून धरली. केंब्रिजच्या विद्यापीठीय संघाविरुद्ध त्यांनीं एका डावांत १०३ धांवांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध ११ गडी बाद केले, व तो सामना हिंदी संघानें जिंकला. सॉमरसेटविरुद्ध तर अवघा एक गडी राखून जय मिळाला. त्यांत शिवराम यांच्या नाबाद ११३ धांवा होत्या. म्हणजे वरच्या दर्जाच्या १४ सामन्यांतील जे दोनच विजय, त्या दोहोंवर पालवणकरांची छाप होती. दहा सामने गेले, दोन अनिर्णित राहिले. खांदा दुखत असतांहि पस्तिशीच्या बाळू यांनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. पराभूत संघांतील गोलंदाजाच्या नांवावर एवढा आंकडा क्वचितच दिसतो.

परत आल्यावर मुंबईस अस्पृश्य समाजानें त्यांचा मोठा सत्कार केला. परंतु हिंदु संघाचें कर्णधारपद कांहीं त्यांस मिळालें नाहीं. १९१३ सालीं एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हां खुद्द पै यांनींच हा मान बाळू यांचा होता असें बोलून दाखविलें. १९२० सालीं बाळू यांस वगळलें, व धाकटे बंधु विठ्ठल यांचा हक्कहि डावलला. तेव्हां विठ्ठल व शिवराम सामन्यांतून बाहेर पडले. अखेर बाळू यांस उपकर्णधार करावें लागलें. पै कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढाच काळ संघाची सूत्रें बाळू यांच्या हातीं आलीं. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानें युरोपियनांना हरविलें.

बाळू यांनीं वरच्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी बाद केले. उतारवयांत ते राजकारणांत पडले. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, व १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनीं पडले. ज्या आंबेडकरांना तरुणपणीं बाळू यांचा अभिमान वाटे, त्यांच्याशींच हा सामना व्हावा, हा योग विलक्षणच. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.