घरची वाट

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा विस्तीर्ण परगणा आहे. तेथील उंच माळरानांवर झाडी विरळ, आणि वारा मात्र बाराही महिने सुसाट. उतारांवर मेंढ्यांचे कळप चरत असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच माळरानांच्या पायथ्याशी लोकरीच्या गिरण्यांची धुराडी आणि कोळशाच्या खाणी यांची दाटी होती. तेथील माणसे मोजके बोलणारी, काहीशी हट्टी, कष्टाळू. आणि कुत्र्याची पारख करण्यात मोठी तरबेज. अशा या मुलखातील मेन्स्टन या गावी १० एप्रिल १८९७ रोजी एरिक नाइट याचा जन्म झाला. पुढे ज्या लॅसी नावाच्या कुत्रीची कथा देशोदेशींच्या मुलांनी डोळ्यांत पाणी आणून वाचली, ती कथा लिहिणारा तो हाच.

एरिकचे वडील हिऱ्यांचा व्यापार करीत. परंतु तो अगदी लहान असतानाच ते दूर दक्षिण आफ्रिकेत मरण पावले आणि कुटुंबाचा आधार तुटला. पदरी लहान मुलगे, आणि हाती पैसा नाही, अशा अवस्थेत त्याच्या आईने रशियात एका राजघराण्यातील मुलांना शिकविण्याची नोकरी पत्करली. परक्यांची मुले सांभाळण्यासाठी स्वतःची मुले मागे ठेवून जावे लागणे, यासारखे दुःख दुसरे कोणते? भावंडे नातेवाइकांच्या घरी वाढू लागली. आई दूर देशी, वडिलांचे छत्र हरपलेले, अशा स्थितीत एरिकचे बालपण गेले.

त्या काळी इंग्लंडात मुलांना अर्धा दिवस कामाला जुंपण्याची रीत होती. बारा वर्षे पुरी झालेले मूल अर्धा दिवस गिरणीत काम करी आणि उरलेला अर्धा दिवस शाळेत बसे. सूर्य उगवण्यापूर्वी उठून, थंडीत कुडकुडत गिरणीची वाट धरावयाची आणि दुपारी वर्गात बाकावर पेंगावयाचे, असा या मुलांचा दिनक्रम असे. ही रीत बंद करण्याचा कायदा पुढे १९१८ साली झाला. एरिकच्या वाट्याला मात्र गिरणी चुकली नाही. चात्यांवरील बॉबिनी सुताने भरल्या की त्या झटपट उतरवावयाच्या आणि रिकाम्या बसवावयाच्या, हे त्याचे काम. यंत्र मुलासाठी थांबत नसे; मुलालाच यंत्राच्या गतीने धावावे लागे. यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नसे. परंतु गिरणीकामगारांची बोली, त्यांचा विनोद आणि कोणापुढे न वाकणारा त्यांचा ताठ कणा, हे सारे त्या मुलाच्या मनात खोल रुजत होते. शाळेत जे मिळाले नाही ते त्याला येथे मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

१९१२ साली एरिक आगबोटीने अमेरिकेस गेला. त्याची आई आता फिलाडेल्फिया शहरी स्थायिक झाली होती. मायलेकांची भेट झाली. परंतु मधली वर्षे काही परत आली नाहीत. पंधरा वर्षांचा हा मुलगा आता दोन देशांचा झाला होता, आणि म्हणूनच पुरता कोणत्याच देशाचा राहिला नव्हता. तेथेही त्याने गिरणीत काम केले, पुढे चित्रकलेचे शिक्षण घेतले. तोच पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. एरिक कॅनडाच्या एका पलटणीत दाखल झाला आणि फ्रान्समधील रणभूमीवर गेला. तो जिवंत परतला. त्याचे दोन भाऊ अमेरिकन सैन्यातून त्याच युद्धात लढले. ते दोघेही परत आले नाहीत.

युद्धानंतर एरिकने लेखणी हाती धरली. फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्रात तो बोलपटांची परीक्षणे लिहू लागला. त्याचे लिहिणे सडेतोड असे. वाईटाला वाईट म्हणताना तो कचरत नसे. पुढे चित्रपटांसाठी लिहावयास तो हॉलिवूडला गेला, पण तेथील झगमगाटात त्याचे मन रमले नाही. त्याच्या कथांतून पुनःपुन्हा यॉर्कशायरच डोकावू लागले. सॅम स्मॉल नावाच्या एका भाबड्या यॉर्कशायरी गृहस्थाला आपण हवेत उडू शकतो असा अकस्मात शोध लागतो, ही त्याची विनोदी कथा १९३८ मध्ये वाचकांना फार आवडली. ज्या भूमीने लहानपणी अर्धपोटी ठेवले तिच्याविषयी इतकी माया कशी वाटते, हे कोडेच आहे. पण अशी माया वाटते खरी.

याच सुमारास एरिक आणि त्याची पत्नी जेरी यांच्या घरात टूट्स नावाची एक कॉली कुत्री होती. कॉली ही स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड या भागांतील मेंढपाळांच्या कुत्र्यांची जात. लांब निमुळते तोंड, दाट केस, मानेभोवती पांढरी आयाळ आणि डोळ्यांत विलक्षण समज. मालकाच्या नुसत्या शिटीवर अर्धा मैल दूर असलेला कळप वळवून आणणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. एरिकला कुत्र्यांच्या स्वभावाचे ज्ञान पुस्तकांतून मिळालेले नव्हते. ते या सोबतिणीकडून मिळालेले होते. पुढे पेन्सिल्व्हेनिया राज्यात त्याने एक शेतमळा घेतला. दगडी घर, आसपास कुरणे, आणि पायाशी टूट्स, असा त्याचा संसार होता.

१९३० नंतरची काही वर्षे जगभर मंदीची होती. इंग्लंडमधील कोळशाच्या अनेक खाणी बंद पडल्या आणि हजारो धडधाकट माणसे हात बांधून घरी बसली. एरिकने आपल्या मुलखातील हे हाल पाहिले होते. खाणमजुराच्या घरी भाकरीचीच भ्रांत, तेथे कुत्र्याला काय घालावयाचे? शेवटी ज्याच्यावर जीव लावला ते जनावर विकण्यावाचून गत्यंतर राहत नसे. या एका वेदनेतून लॅसीची कथा जन्माला आली. १९३८ च्या डिसेंबरात ती एका अमेरिकन साप्ताहिकात लघुकथा म्हणून प्रसिद्ध झाली. वाचकांनी ती इतकी उचलून धरली की एरिकने तिचा विस्तार करून कादंबरी लिहिली, आणि १९४० साली ‘लॅसी कम-होम’ हे पुस्तक बाहेर पडले.

या कथेतील सॅम कॅराक्लो हा खाणमजूर, आणि ज्यो हा त्याचा शाळकरी मुलगा. त्यांची लॅसी रोज दुपारी चारच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी येऊन ज्योची वाट पाहत बसे. तिला ना घड्याळ कळे, ना घंटा. परंतु ऊन असो वा बर्फ, तिची वेळ कधी चुकत नसे. गावातील बाया तिला पाहून घड्याळ लावीत. एके दिवशी ज्यो शाळेतून बाहेर पडला, आणि फाटकाशी कोणीच नव्हते. खाण बंद पडली होती. बापाने लॅसीला एका उमरावास विकून टाकले होते.

लॅसी तेथे राहते थोडीच! उमरावाच्या कुंपणातून निसटून ती पुन्हा चार वाजता शाळेपाशी हजर झाली. आईबापांनी तिला परत नेऊन दिले. ती पुन्हा आली. तिला पुन्हा परत नेले. एकदा तर ज्यो तिला घेऊन माळरानात लपून बसला, परंतु बापाने त्याला शोधून काढले. येथे एरिकने जे लिहिले आहे ते वाचताना मोठ्या माणसांचेही मन हेलावते. सॅमचा लॅसीवर काही कमी जीव नव्हता. पण कुत्री विकली, तिचे पैसे घेतले आणि ते पोटासाठी खर्च झाले. आता ती आपली नाही. घरात अन्नाचा कण नसला तरी खऱ्याला खरेच म्हणावयाचे, हा त्या घराचा बाणा होता. एका बाजूस मुलाचे तुटणारे काळीज आणि दुसऱ्या बाजूस दिलेला शब्द! बाप रडत नाही, समजूतही फारशी घालत नाही. तो मुलाबरोबर चालत राहतो, एवढेच.

शेवटी उमरावाने लॅसीला स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाकडील आपल्या वाड्यावर पाठविले. तेथून घर शेकडो मैल दूर. उमरावाची नात प्रिसिला हिने एके दिवशी फाटक उघडे सोडले आणि लॅसी दक्षिणेच्या रोखाने चालू लागली. वाटेत मोठमोठी सरोवरे आडवी आली. माणूस नकाशा पाहून वळसा घेईल, लॅसीला तर काठाकाठाने किती तरी दिवस भटकावे लागले. मेंढपाळांनी तिच्यावर बंदुका रोखल्या. शहरात कुत्री पकडणाऱ्यांनी तिला कोंडले, तर तिने खिडकीतून खाली उडी घेतली. नदी पोहून जाताना तिचा प्राण जायचाच राहिला. एका म्हाताऱ्या जोडप्याने तिला बरे केले, तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया केली. पण दुपारचे चार वाजत आले की ती अस्वस्थ होऊन दाराकडे पाहू लागे. त्या वृद्धेच्या ध्यानात आले की ही कोठे तरी निघालेली आहे. आणि तिने स्वतः दार उघडून दिले. पुढे रौली पामर नावाचा एक फिरता भांडीविक्या तिला सोबती मिळाला. त्याच्या छोट्या कुत्रीचे नाव एरिकने टूट्स असेच ठेविले आहे.

आपल्या पंचतंत्रातील प्राणी बोलतात, सल्लामसलत करतात, कपटही करतात. त्या कथांची गोडी वेगळी. एरिकची लॅसी मात्र संबंध पुस्तकात एक शब्द बोलत नाही. ती माणसासारखा विचार करीत नाही, सूड घेत नाही, शौर्याचा आव आणत नाही. ठराविक वेळी तिला एक ओढ लागते, आणि ती ओढ तिला एका दिशेने नेते. तिचे पंजे फुटतात, केसांत काटेकुसळे अडकतात, पोट खपाटीला जाते. लेखक हे सारे जसेच्या तसे सांगतो. त्यामुळेच ही कुत्री खरी वाटते. पुष्कळ लेखक येथे चुकतात; प्राण्याच्या कातड्यात माणूस कोंबून मोकळे होतात. टूट्सबरोबर राहणाऱ्या एरिकला त्याची गरज भासली नाही.

शेवटी एका दुपारी ज्यो शाळेतून बाहेर येतो आणि फाटकाशी हाडांचा सापळा झालेली लॅसी पडलेली दिसते. पण ती अजून उमरावाचीच होती! सॅमने अंगच्या कसबाने तिचे रूप पालटून तिला गावठी कुत्र्यासारखे कुरूप केले. उमराव घरी आला. त्याने तिला न्याहाळले, तिचे पाय हातात घेऊन तळव्यांवरील जखमांचे वण पाहिले, आणि सारे काही उमगूनही, ही आपली कुत्री नव्हेच असे सांगून टाकले. इतकेच नव्हे, तर बेकार सॅमला त्याने आपल्या कुत्र्यांच्या देखरेखीचे काम दिले. जन्मभर सरळ चाललेला बाप येथे मुलासाठी थोडा वाकडा चालला, आणि करारी उमरावानेही त्याला तसे चालू दिले. या प्रसंगात एरिकने कोणाला दोष दिलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होऊन गेले होते. १९४१ मध्ये त्याची युद्धावरील कादंबरी ‘धिस अबव्ह ऑल’ गाजली. १९४२ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि तेथील सैन्यात मेजर म्हणून रुजू झाला. फ्रँक काप्रा या विख्यात दिग्दर्शकाच्या हाताखाली सैनिकांसाठी माहितीपट तयार होत होते. त्यांच्या लेखनाचे काम एरिककडे आले. १५ जानेवारी १९४३ रोजी तो कामगिरीवर निघाला असता त्याचे लष्करी विमान दक्षिण अमेरिकेतील डच गियानाच्या, म्हणजे आताच्या सुरिनामच्या, दाट अरण्यात कोसळले. विमानातील ३५ जणांपैकी एकही वाचला नाही. एरिकचे वय त्या वेळी ४५ वर्षांचे होते. पेन्सिल्व्हेनियातील मळ्यावर जेरी आणि टूट्स मागे राहिल्या.

लॅसीच्या कथेवरील रंगीत चित्रपट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लोकांपुढे आला. ज्योचे काम रॉडी मॅकडॉवल या बालनटाने केले. प्रिसिला झालेली चिमुकली एलिझाबेथ टेलर पुढे जगप्रसिद्ध नटी झाली. लॅसीचे काम करणारा पॅल हा वास्तविक कुत्रा होता, कुत्री नव्हे. पण पाहणाऱ्यांना ते कधी जाणवले नाही. लेखकाला मात्र हा पूर्ण झालेला चित्रपट प्रेक्षकांत बसून पाहता आला नाही. चित्रपटाच्या आरंभीच पडद्यावर काही ओळी येतात. इंग्लंडात जन्मलेल्या, एका महायुद्धातून वाचलेल्या आणि दुसऱ्यात अमेरिकेच्या गणवेशात कामी आलेल्या मेजर एरिक नाइट याला हा चित्रपट अर्पण केला असल्याचे त्या सांगतात. त्या ओळी विरतात आणि यॉर्कशायरची कथा सुरू होते.